उडत्या वटवाघळांचे फोटो : आधी काय शिकायचं?

ओढ्याकाठचा :
नमस्कार मंडळी. आमच्या गावात (सातारा जिल्हा) ओढ्याकाठी जुना वड आहे आणि त्याच्यावर मोठी वाघळं आहेत. आजोबांच्या लहानपणीही होती म्हणतात. मी मोजायला बसलो की दोनशेच्या पुढं आकडा जातो. दिवसा उलटी लटकलेली असतात तेव्हाचे फोटो माझ्याकडे ढीगभर आहेत. मला हवाय तो उडतानाचा, पंख पूर्ण उघडलेला, आतली बोटांची हाडं दिसणारा.

तीन महिने झाले, आठवड्यातून चार संध्याकाळी तिथं असतो. हाती लागतं ते करडं आभाळ आणि त्यात एक पुसट डाग. घरासमोरच्या दिव्याभोवती लहान पाकोळ्या (इवली वटवाघळं) फिरतात, त्यांचा तर डागही मिळत नाही. कॅमेरा साधा डीएसएलआर, ७०-३०० ची लेन्स, एक फ्लॅश. पक्ष्यांचे फोटो आठ वर्षं काढतोय, पण ती विद्या इथं कामाला येईना. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, पहिल्यांदा नेमकं काय शिकू?

सुहास_चि :
सेटिंग लिहा की. त्याशिवाय कोण काय सांगणार?

ओढ्याकाठचा :
@सुहास, शटर प्रायॉरिटी १/२००० सेकंद, आयएसओ (सेन्सर किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ऑटो पण ६४०० च्या वर जाऊ देत नाही. लेन्स ३०० ला, म्हणजे एफ (लेन्सच्या तोंडाचं माप) ५.६. फोकस कंटिन्युअस.

सुहास_चि :
मग दुखणं इथंच आहे. १/२००० ही बगळ्या-खंड्याची सवय. मोठं वाघूळ पाण्यात वल्हं मारावं तसं सावकाश पंख मारतं. १/६४० ते १/८०० पुरतं, अंधार वाढला तर १/४०० वरही पाचात एक फ्रेम नीट येते. पंखांची टोकं थोडी हलली तरी चालतील, डोकं आणि धड धारदार हवं.

दुसरं म्हणजे ऑटो आयएसओ बंद करा. कॅमेरा उजळ आभाळ बघून प्रकाश कमी करतो आणि वाघूळ काळं ठिक्कर पडतं. पूर्ण मॅन्युअल ठेवा, वाघूळ नसताना आभाळावर एक फ्रेम काढा, आभाळ जवळजवळ पांढरं होईल इतका प्रकाश वाढवा आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा बघा. संधिप्रकाश भराभर पडतो.

तिसरं, लेन्स ३०० ला नेऊच नका. १५०-२०० वर ठेवा, नंतर कापून घ्या. अंधारात लांब लेन्समध्ये वाघूळ शोधण्यातच सगळा वेळ जातो.

रानजाई :
मस्त धागा. वाचतेय. आमच्या सोसायटीत अशोकाच्या झाडावर रोज संध्याकाळी येतात.

मृण्मयी_दे :
मी प्राणिशास्त्र शिकवते आणि वाघळांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओढ्याकाठचे, तुम्ही दोन अगदी वेगळे प्राणी एका श्वासात सांगितलेत. वडावरचं ते भारतीय फळखाऊ वटवाघूळ. पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या आसपास, वजन किलोच्या पुढं जातं. हे ध्वनीच्या प्रतिध्वनीवर उडत नाही. डोळ्यांनी बघतं, नाकानं वास घेतं. दिव्याभोवतीची पाकोळी कीटकभक्षी. ती पाच-सहा ग्रॅमची असते आणि माणसाला ऐकू न येणारे आवाज काढून, प्रतिध्वनी ऐकून किडे पकडते. एकाचे फोटो काढण्याची रीत दुसऱ्याला लागू पडत नाही. आधी मोठं वाघूळ घ्या. पाकोळी पुढच्या वर्षी.

आणि संध्याकाळ सोडा, पहाट धरा. संध्याकाळी ती निघतात तेव्हा उजेड मरत असतो आणि ती सरळ निघून जातात. पहाटे परततात तेव्हा दर मिनिटाला उजेड वाढत असतो आणि उतरायच्या आधी प्रत्येक जण झाडाभोवती घिरट्या घालतो. फांदीवर जागेवरून भांडणं होतात, एक उठतं, दुसरं बसतं. उशिरा परतणाऱ्या चार-सहा जणांसाठी थांबलात तर पुरेसा उजेड मिळतो. मागून उजेड आला की पंखाचा पातळ पडदा तांबूस दिसतो आणि तुम्हाला हवी ती बोटांची हाडं त्यात उमटतात. हा पंख म्हणजे खरोखरच हाताचा पंजा आहे. अंगठा तेवढा मोकळा, त्याला नखी. बाकीची चार बोटं लांबून पडदा ताणतात.

एक आठवडा कॅमेरा घरी ठेवा. नुसती वही घेऊन बसा. कुठल्या दिशेनं येतात, कुठल्या फांदीजवळ वेग कमी करतात, किती वाजता, हे लिहा. तुमचा फोटो त्या वहीतून निघेल.

ओढ्याकाठचा :
मृण्मयीताई, पहाटेचा विचार डोक्यातच आला नव्हता. मनापासून धन्यवाद. वहीचं उद्यापासून सुरू करतो.

तारकर्लीकर :
मी वेगळी वाट सांगतो. केळफूल!

आमच्या परसात केळी आहेत. केळफुलाची पाकळी संध्याकाळी उचलली जाते आणि आतल्या फुलांत मध येतो. अंधार पडला की आखूड नाकाची लहान फळखाऊ वाघळं त्यावर येतात. येतात, सेकंदभर बिलगतात, जातात, दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा येतात. वाघळांचा चहाचा ठेलाच तो. जागा पक्की असल्यामुळं फोकस दिवसाउजेडी लावून ठेवायचा, मॅन्युअल करायचा, त्यावर चिकटपट्टी मारायची. ट्रायपॉड, रिमोट, आणि आपण पडवीत.

फ्लॅश कॅमेऱ्यावर लावायचा नाही. दोन्ही बाजूंना दोन, थोडे मागे. समोरून मारला तर पंख चपटे दिसतात आणि डोळे चमकतात.

कोकणात या वाघळांचं आणखी एक काम बघायला मिळतं. उंडीची फळं ती लांबून आणून दुसऱ्याच झाडाखाली टाकतात. आमची आजी सकाळी त्या बिया वेचायची, उंडेल तेलासाठी. झाड एकीकडे, बियांचा सडा भलतीकडेच.

सर्किटदादा :
@तारकर्लीकर, फ्लॅशची ताकद किती ठेवता? बहुतेक जण इथंच चुकतात, म्हणून लिहितो.

अंधारात वाघूळ गोठवतो तो फ्लॅशचा लखलखाट. शटर तेव्हा १/२०० वरच असतं, कारण फ्लॅशसोबत त्याच्या फार वर जाता येत नाही. पूर्ण ताकदीवर साधारण स्पीडलाईट (कॅमेऱ्याचा सुटा फ्लॅश) एक हजारांश सेकंद पेटतो. १/१६ वर नेला तर सेकंदाचा दहा हजारावा भाग, १/३२ वर त्याहूनही थोडा. आता हिशोब करा. वाघूळ सेकंदाला पाच मीटर उडतंय असं धरा. हजारांश सेकंदात ते पाच मिलिमीटर सरकतं, म्हणजे नाक-कान पुसले. दहा हजाराव्या भागात अर्धा मिलिमीटर. म्हणून ताकद कमी करा आणि फ्लॅश जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो.

फ्लॅशचं 'हाय स्पीड सिंक' मात्र वापरू नका. त्यात फ्लॅश बराच वेळ धडधडत राहतो आणि गोठवण्याचा सगळा फायदा जातो.

तारकर्लीकर :
१/१६, कधी १/३२. एफ ८, आयएसओ ८००, फ्लॅश फुलापासून हातभर-दीड हात. तुमच्या हिशोबाशी जुळतंय.

तासगावकर_बागायतदार :
माफ करा, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. तुम्हा सगळ्यांना ही वाघळं सुंदर दिसतात. माझी द्राक्षबाग आहे, कडेला चिकू. घड पिकायला लागला की रात्री येऊन अर्धा खातात, अर्धा टाकतात. सकाळी बागेत पाय ठेवला की पोटात गोळा येतो. हा धागा वाचणाऱ्यांनी त्यांना नुसतं डोक्यावर घेऊ नये.

गोदाक्का :
बागायतदार दादा, तुमचं दुःख खरं आहे. माझ्या माहेरी पेरूची बाग होती, मी बघितलंय.

पण माझ्या सासरी देवळामागच्या चिंचेवर वाघळं आहेत आणि गावात कुणी त्यांच्यावर दगड उचलत नाही. वाघळं झाड सोडून गेली की गावाचं पाणी गेलं, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. दिवाळीत त्या चिंचेजवळ फटाके वाजवत नाहीत. मुलांना कुणी शिकवावं लागत नाही, मोठ्यांचं बघून ती तशीच वागतात. २०२० साली टाळेबंदीत काही जण झाड तोडा म्हणून उठले होते. तेव्हा गावातल्या बायकाच झाडाखाली जाऊन बसल्या.

मृण्मयी_दे :
@तासगावकर, तुमचा राग मी मान्य करते. कायदासुद्धा बराच काळ तुमच्याच बाजूनं होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं पाचव्या अनुसूचीत होती, म्हणजे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांत. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली.

बागेसाठी जाळी हाच खरा उपाय. फक्त जाळी घट्ट ताणलेली आणि बारीक छिद्रांची हवी. सैल, मोठ्या छिद्रांची जाळी टाकली की वाघूळ त्यात अडकून रात्रभर तडफडतं आणि सोडवायला जाणाऱ्याला चावतं. आणि हीच वाघळं मोहाच्या, सावरीच्या, गोरखचिंचेच्या फुलांवर रात्री जातात, वडा-उंबराच्या बिया पांगवतात. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळं एकदा वस्ती उठली की ती भरून यायला फार वर्षं लागतात.

तासगावकर_बागायतदार :
ताई, घट्ट जाळीचा खर्च एकराला किती येतो ते बघून सांगतो. सैल जाळीत अडकलेलं एक मी कात्रीनं सोडवलंय. त्याचं ओरडणं अजून विसरलो नाही.

प्रथमेश_ठाणे :
मी कान्हेरीला जायचा विचार करतोय, लेण्यांत खूप आहेत ना? गुहेत अंधार असल्यानं फ्लॅशचे फोटो मस्त येतील.

मृण्मयी_दे :
प्रथमेश, कृपया नको. बाकी कुठंही काढ, त्यांच्या राहत्या जागेत फ्लॅश मारू नकोस. वाघळं दिवसा विश्रांती घेत असतात, माद्यांच्या पोटाला पिल्लं बिलगलेली असतात. एकदम लखलखाट झाला की सगळी एकत्र उठतात आणि पिल्लं खाली पडतात. पडलेलं पिल्लू बहुतेक वाचत नाही. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत ट्रायपॉडला परवानगी लागते आणि ती संध्याकाळी बंद होतात.

प्रथमेश_ठाणे :
हे माहीत नव्हतं. बेत रद्द.

कर्नाटकी_सीमेवरचा :
लेणी-गुहांचा विषय निघालाच आहे म्हणून. बेळगावजवळ भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथं रॉटनचं मुक्तपुच्छ (शेपटी पडद्याबाहेर मोकळी असलेलं) वटवाघूळ राहतं. १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नंतर कितीतरी वर्षं जगात ते फक्त याच गुहांतून माहीत होतं. अशा जागी हौसेसाठी कुणी शिरू नये एवढंच म्हणणं. मी त्या परिसरात राहतो, गुहेच्या आत कधी गेलेलो नाही आणि जाणारही नाही.

अनय_ऑस्टिन :
टेक्ससमधून नमस्कार. आमच्या शहरात कॉंग्रेस अव्हेन्यू पुलाखाली मेक्सिकन मुक्तपुच्छ वाघळं राहतात. १९८० मध्ये पुलाची नव्यानं बांधणी झाली, तेव्हा खाली अरुंद फटी राहिल्या आणि वाघळांनी त्या धरल्या. उन्हाळ्यात आकडा पंधरा लाखांपर्यंत जातो. लोक पुलावर, नदीकाठी, होड्यांत बसून वाट बघतात. पूर्वी याच शहरात त्यांना हाकला म्हणून ओरड झाली होती.

फोटोच्या दृष्टीनं तिथं एकेक वाघूळ पकडण्यात अर्थ नाही. १/६० च्या आसपास ठेवून धुरासारखा तो अख्खा थवा काढायचा, मागं शहराचे दिवे. याउलट न्यू मेक्सिकोच्या कार्ल्सबॅड गुहांशी संध्याकाळी वाघळं बाहेर पडताना बघायला बसलं की कॅमेरा, फोन सगळं बंद ठेवावं लागतं. मी गेलो तेव्हा सुरुवातीला चुटपुट लागली. मग लाखभर पंखांचा तो आवाज ऐकला. नदीवरून वारा सुटावा तसा. कॅमेरा हातात असता तर तो कानावर आला नसता.

शर्वरी_मेलबर्न :
ओढ्याकाठचे, तुमच्या वडाजवळ पाणी आहे ना? मग उन्हाळ्याची वाट बघा!

इथं यारा नदीच्या काठी यारा बेंडला राखाडी डोक्याच्या फळखाऊ वाघळांची मोठी वस्ती आहे. गरम दिवसांत ती नदीवर झेपावतात, पोट पाण्यात घासतात आणि पुन्हा झाडावर जाऊन केसांतलं पाणी चाटतात. उजेड असतानाच! आपल्याकडची मोठी वाघळंही उन्हाळ्यात हे करतात, मी लहानपणी विदर्भात आजोळी तलावावर बघितलंय, फक्त तेव्हा काय बघतेय ते कळत नव्हतं. काठावर बसून किंवा आडवं पडून, लेन्स पाण्याच्या पातळीला, १/१६००, बर्स्ट (एकामागोमाग फ्रेम). पाण्याची रेघ उठते तो क्षण.

एक कळकळीची विनंती. पारा बेचाळीसच्या पुढं गेला की इथं ही वाघळं उष्माघातानं शेकड्यांनी मरतात. अशा दिवशी त्यांना पाण्यावर येऊ द्यायचं, आपण काठावर जायचं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी तर हे नक्की लक्षात ठेवा.

भिडस्त :
सगळं छान चाललंय, पण वाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूचं काय? घरात लहान मूल आहे. मला हा छंद धोक्याचा वाटतो.

मृण्मयी_दे :
भीती रास्त आहे. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाहची साथ आली ती आपण बघितलीय. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं की महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांत निपाहच्या अँटिबॉडी मिळाल्या. अँटिबॉडी म्हणजे त्या प्राण्याची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. वीस मीटरवरून फोटो काढणाऱ्याला त्यानं आजार होत नाही. धोका शिरतो तो त्यांच्या लाळेतून, लघवीतून, अर्धवट खाल्लेल्या फळांतून. म्हणून झाडाच्या थेट खाली उभं राहायचं नाही, डोक्याला टोपी, घरी आल्यावर हात साबणानं, पडलेली फळं खायची नाहीत. जमिनीवर पडलेलं वाघूळ हातानं उचलायचं नाही. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे, तिथं कळवायचं. चावलंच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

भिडस्त :
हे ठीक वाटतं. मुलाला लांबून, दुर्बिणीतून दाखवेन.

चांदणचोर :
चंद्रावरून जाणारं वाघूळ काढलंय का कुणी? मी एकदा प्रयत्न केला, चंद्र नीट आला आणि वाघूळ फुटक्या काचेसारखं.

सर्किटदादा :
तुम्ही झाडाच्या फार जवळ उभे होता. ४०० ची लेन्स, एफ ८ धरा. चंद्र आणि वाघूळ दोन्ही धारदार हवे असतील तर वाघूळ निदान साडेतीनशे मीटर लांब पाहिजे. आणि तेवढ्या अंतरावर चंद्राची तबकडी म्हणजे साधारण तीन मीटरची खिडकी. सव्वा मीटर पंखांचं वाघूळ तिच्यात छान मावतं. तेव्हा त्यांची रोजची वाट नकाशावर आखा, पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो हे धरा, आणि वाघळांच्या वाटेपासून तेवढं पश्चिमेला जाऊन उभे राहा.

चांदणचोर :
दादा, हे गणित मी छापून भिंतीवर लावणार आहे.

सर्किटदादा :
आता पाकोळ्या, कारण मूळ प्रश्नात त्याही होत्या.

त्यांना डोळ्यानं बघून बटण दाबणं जमत नाही. आपण दाबेपर्यंत ती गेलेली असते. किरण लावावा लागतो. एका बाजूला अवरक्त एलईडी, दुसऱ्या बाजूला रिसीव्हर, मधून पाकोळी गेली की किरण तुटतो आणि फ्लॅश पेटतो. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला सगळे सुटे भाग मिळतात, अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट-बोर्ड) दोन सुट्ट्यांत होतं.

मी केलेल्या चुका सांगतो. पहिल्यांदा एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सेन्सर) वापरला. तो आळशी असतो, उजेड गेल्याचं कळायला त्याला वीस-तीस मिलिसेकंद लागतात. फोटोट्रान्झिस्टर (उजेड झटकन ओळखणारा सेन्सर) घ्या. मग टीव्हीच्या रिमोटचा रिसीव्हर लावला, तर सतत किरण मिळाला की तो थोड्या वेळानं बहिरा होतो. किरण तुटक-तुटक पाठवावा लागतो. आणि जुना फ्लॅश थेट अर्डुइनोला जोडू नका, त्याच्या टोकांवर चांगला जास्त व्होल्टेज असू शकतो. मध्ये ऑप्टोकपलर (दोन सर्किटं विजेनं न जोडता इशारा पोचवणारा भाग) हवा. लेसर वापरायचा मोह टाळा, डोळ्याच्या उंचीवर तर अजिबातच नको, आपल्याही आणि त्यांच्याही.

सगळ्यात मोठी अडचण कॅमेऱ्याचीच. इशारा मिळाल्यावर शटर उघडायला डीएसएलआरला पन्नास-साठ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पाकोळी पाव मीटर पुढं. म्हणून एक तर किरण फोकसच्या पाव मीटर अलीकडं लावा, नाहीतर गच्च अंधारी जागा असेल तर शटर पाच-दहा सेकंद उघडंच ठेवा आणि किरणानं फक्त फ्लॅश पेटवा. फ्लॅशला उशीर होत नाही. मी दुसरी रीत वापरतो.

सुहास_चि :
दिव्याखाली ही दुसरी रीत चालणार नाही, फ्रेम पांढरी होईल. दिवा बंद करावा लागेल.

सर्किटदादा :
बरोबर. आणि दिवा बंद केला की किडे नाहीत, किडे नाहीत तर पाकोळ्या नाहीत. म्हणून मी दिवा सोडून पाणी धरलं. एप्रिल-मे मध्ये डबकी आटतात, उरलेल्या एखाद्या शांत पाण्यावर त्या उडता उडताच पाणी पितात, आणि त्यासाठी त्यांना मोकळी सरळ वाट लागते. त्या वाटेवर, पाण्यापासून वीतभर वर किरण. स्टँड, वायरी वाटेच्या बाहेर ठेवायच्या. रात्री वनखात्याच्या हद्दीत जायचं असेल तर परवानगी काढून.

गोदाक्का :
एका रात्री किती वेळा उजेड पाडता हो? त्या बिचाऱ्या पाणी प्यायला आलेल्या असतात.

सर्किटदादा :
आक्का, वीस वेळा लखलखाट झाला की मी बंद करतो. आणि त्याच पाण्यावर आठवडाभर पुन्हा जात नाही. कुठल्या पुस्तकातला नियम नाही, मीच घालून घेतला. एकदा एक पाकोळी तीनदा आली आणि तीनदा न पिता वळली. त्या रात्रीपासून.

मृण्मयी_दे :
हा नियम इथल्या सगळ्यांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

सुहास_चि :
+१. वीसच्या खाली आणलात तरी चालेल.

रानजाई :
मी काल त्या अशोकाखाली (थेट खाली नाही, मृण्मयीताई!) वही घेऊन बसले. पावणेसात ते साडेसातमध्ये अकरा वेळा आली, नऊ वेळा दक्षिणेकडून. माझ्याकडे फक्त फोन आहे, फोटो येणार नाही. तरी उद्याही बसणार आहे.

ओढ्याकाठचा :
मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय. धागा वर आणल्याबद्दल क्षमा, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

पहिले नऊ दिवस नुसती वही. कळलं ते असं : पहाटे ती पूर्वेकडच्या उसावरून येतात, ओढ्याच्या वळणावर खाली उतरतात आणि वडाच्या दक्षिणेच्या एका वाळक्या फांदीपाशी जवळजवळ थांबून मग वर उचलली जातात. तीन महिने मी झाडाच्या उत्तरेला उभा होतो. रोज त्यांच्या पाठी काढत होतो.

दहाव्या दिवशी ओढ्याच्या पलीकडच्या बांधावर बसलो, झाडापासून साठ पावलं. लेन्स २०० वर, फोकस वाळक्या फांदीवर लावून मॅन्युअल, १/४००, आयएसओ ६४००. सहा पंचवीसला एक उशिरा आलेली मादी वळणावरून आली. मी चार फ्रेम काढल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर पंख पूर्ण उघडलेला, मागून उजेड, पडदा विटकरी, आणि चारी बोटं. अंगठ्याची नखीसुद्धा.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडला. छातीशी काहीतरी गडद होतं, मला वाटलं सावली. वडिलांना दाखवला. ते चष्मा पुसून म्हणाले, "अरे, पोरगं आहे तिच्यापाशी." पिल्लाचं डोकं तिच्या काखेत आणि एक इवला पाय बाहेर.

आजोबा असते तर त्यांना नेऊन दाखवला असता.

गोदाक्का :
बाळा, डोळ्यात पाणी आणलंस. फोटो टाक लवकर.

तारकर्लीकर :
काय सांगता! जबरदस्त. फोटो हवाच.

मृण्मयी_दे :
फार फार अभिनंदन. फेब्रुवारी ते मे हा त्यांचा वीण्याचा काळ, पिल्लू पहिले काही आठवडे आईला बिलगूनच उडतं. फोटो टाकताना गावाचं नाव आणि झाडाची जागा लिहू नका, गर्दी होईल. आणि आता मे संपेपर्यंत बांधावरूनच, झाडाजवळ नको. फ्लॅश तर नकोच.

ओढ्याकाठचा :
हो ताई. बांधाच्या पुढं जात नाही. शाळेतली पोरं मागं लागलीत, त्यांना दोन-दोन करून नेतोय, बोलायचं नाही या अटीवर. कालच्या दोघांनी पाऊण तास तोंड उघडलं नाही. मास्तरांना खरं वाटेना.

तासगावकर_बागायतदार :
अभिनंदन दादा. ताई, जाळीचं : यंदा सगळ्या बागेला परवडत नाही, ज्या बाजूनं येतात त्या कडेच्या चार ओळींना घट्ट जाळी टाकतोय. कुठल्या बाजूनं येतात ते मीही वहीतच लिहिलंय.

शर्वरी_मेलबर्न :
ओढ्याचं पाणी मेपर्यंत टिकतं का? पोट घासायला येतील बघा.

ओढ्याकाठचा :
वळणावरचा डोह टिकतो. एप्रिलपासून दुपारी चारनंतर बघायला सुरुवात करेन, ऊन फार नसेल त्या दिवशी. दरम्यान तारकर्लीकरांचं केळफूल. चुलत्यांच्या परसात एक आलंय, छातीच्या उंचीवर. मित्राकडून दुसरा फ्लॅश मागून आणलाय, दोन्ही बांबूला बांधलेत.

तारकर्लीकर :
बांबू वाऱ्यानं हलतो, खाली दगड लावा. आणि केळफुलाची पाकळी आज उचलली गेलीय का बघा. मिटलेली असेल तर आज येणार नाहीत.

ओढ्याकाठचा :
आत्ता बघून आलो. उचललीय. मुंग्याही आल्यात.

तारकर्लीकर :
मग सातला बसा.